पेटी तीच, तरी जेव्हीएम म्हणतं वेगळी: स्वतः लिहिलेला क्लास लोडर कसा तपासायचा

‘क्लास आंबा.पेटी कॅनॉट बी कास्ट टू क्लास आंबा.पेटी.’ म्हणजे या ‘पेटी’ क्लासला त्या ‘पेटी’ क्लासचा धरता येत नाही. लॉगमध्ये ही ओळ पहिल्यांदा बघणारा माणूस दोन्ही नावं अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. स्पेलिंग चुकलंय का, पॅकेज वेगळं आहे का. काहीच चुकलेलं नसतं. नाव तेच, कोड तोच, कधीकधी तर दोन्ही क्लास फाइल बाइट न् बाइट सारख्या. तरीही जावा सांगतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जावाचं बरोबर असतं.

उदाहरण रत्नागिरीचं घेतो, कारण स्वतःचा क्लास लोडर (क्लासच्या फाइल वाचून चालू प्रोग्रॅममध्ये आणणारा भाग) लिहिण्याची खरी गरज मी इथल्या आंब्याच्या हंगामात पाहिली. पावसकडच्या, राजापूरकडच्या बागांतून माल पॅकहाउसला येतो, प्रतवारी होते, पेट्या भरल्या जातात आणि संध्याकाळी गाड्या सुटतात. वाशीला जाणाऱ्या मालाच्या हिशेबाची पद्धत वेगळी, पुण्याची वेगळी, कोल्हापूरची आणखी वेगळी. हमाली, तोलाई, गाडीभाडं, कमिशन, पैसे वरच्या की खालच्या रुपयात धरायचे, सगळं ज्या त्या बाजाराप्रमाणे. हे नियम हंगामाच्या मध्यावरच बदलतात, आणि एप्रिलच्या संध्याकाळी बिलाचा सर्व्हर बंद करा असं पॅकहाउसवाल्याला सांगायची सोय नसते. म्हणून प्रत्येक बाजाराचे नियम वेगळ्या जार फाइलमध्ये (क्लास फाइलींच्या एकत्र बांधलेल्या गाठोड्यात) ठेवायचे, आणि नवी जार आली की चालू सर्व्हरनेच ती उचलायची अशी रचना करतात.

इथे क्लास लोडर येतो. एखाद्या लोडरने एक क्लास एकदा तयार केला की त्याच नावाचा दुसरा क्लास तो पुन्हा तयार करू शकत नाही. नियमांची नवी आवृत्ती हवी असेल तर नवा लोडर हवा. वाशीची जार बदलली, जुना लोडर सोडून द्या, नवा बनवा. कल्पना एवढी साधी आहे. घोटाळे सुरू होतात ते जेव्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणारं यंत्र, ‘तोच क्लास’ कशाला म्हणतं हे विसरल्यावर.

जेव्हीएमच्या लेखी क्लासची ओळख दोन गोष्टींनी मिळून ठरते: त्याचं पूर्ण नाव आणि त्याला जन्म देणारा लोडर. कोकणात मधलीवाडी गावोगाव असते. पाकिटावर नुसतं ‘मधलीवाडी’ लिहिलं तर पोस्टमन ते पाकीट कुठे टाकणार? गावाचं नाव लागतंच. क्लासचं नाव म्हणजे वाडी आणि लोडर म्हणजे गाव. मुख्य प्रोग्रॅमच्या लोडरने बनवलेली ‘आंबा.पेटी’ आणि वाशीच्या लोडरने बनवलेली ‘आंबा.पेटी’ या दोन वेगवेगळ्या गावांतल्या वाड्या आहेत.

‘जन्म देणारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लोडरकडे क्लास मागितला म्हणजे तो त्यानेच बनवला असं होत नाही. नेहमीची रीत अशी की लोडर आधी आपल्या पालक लोडरला विचारतो, पालक त्याच्या पालकाला, आणि वर कुठेच मिळालं नाही तरच तो स्वतः शोधतो. ही पालकाला आधी विचारण्याची रीत १९९८ सालच्या जावा १.२ पासून आहे. साखळीच्या टोकाला बूटस्ट्रॅप लोडर असतो. तो जेव्हीएमचाच भाग असल्यामुळे ‘स्ट्रिंग’ क्लासला त्याचा लोडर विचारला तर उत्तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. त्याच्याखाली जावा ९ पासून प्लॅटफॉर्म लोडर असतो, त्याआधी त्या जागी एक्सटेन्शन लोडर होता. त्याखाली आपल्या प्रोग्रॅमचा अ‍ॅप्लिकेशन लोडर, आणि त्याच्याही खाली तुम्ही लिहिलेला. ज्याच्याकडे मागणी आली तो वेगळा आणि ज्याने ‘डिफाइनक्लास’ ही मेथड हाक मारून बाइटांचा क्लास केला तो वेगळा असू शकतो. ओळखीत मोजला जातो तो दुसरा.

आता या सगळ्या विषयातला माझ्या मते सर्वांत कामाचा नियम. एखाद्या क्लासच्या कोडमध्ये दुसऱ्या क्लासचा उल्लेख आला, तर जेव्हीएम तो दुसरा क्लास पहिल्याला जन्म देणाऱ्या लोडरकडे मागतं. तुम्ही कोणत्या लोडरने सुरुवात केली होती, कोणत्या थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या कोणत्या धाग्यावर) आहात, जार कुठे ठेवली आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मुलाला पालकाचे क्लास दिसतात, पालकाला मुलाचे दिसत नाहीत.

म्हणून बिघाड तपासताना ‘क्लास जारमध्ये आहे का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. सगळे तिथूनच सुरू करतात, जार उघडून दाखवतात, ‘हा बघा, आहे की!’ म्हणतात, आणि दुपार निघून जाते. प्रश्न दोनच विचारायचे: मागतंय कोण, आणि जन्म दिला कोणी?

हेच एका नेहमीच्या प्रसंगात बघू. वाशीच्या जारमध्ये ‘वाशी.नियम’ आणि ‘वाशी.तोलाई’ असे दोन क्लास आहेत. चालवताना ‘नोक्लासडेफफाउंडएरर: वाशी/तोलाई’ येतो. जारमध्ये क्लास व्यवस्थित आहे. मग मागतंय कोण? ‘वाशी.नियम’. त्याला जन्म दिला कोणी? इथे कळतं की चाचणीच्या वेळी कोणीतरी ‘वाशी.नियम’ची एक प्रत मुख्य प्रोग्रॅमच्या क्लासपाथवर (तो क्लास जिथे शोधतो त्या जागांत) टाकली होती आणि ती तिथेच राहिली. आपल्या लोडरने रीतीप्रमाणे आधी पालकाला विचारलं, पालकाला ती जुनी प्रत सापडली, त्याने क्लास बनवून दिला. आता ‘नियम’चा जन्मदाता अ‍ॅप्लिकेशन लोडर झाला. ‘तोलाई’ची मागणीही त्याच्याकडेच जाणार, आणि त्याला वाशीची जार दिसतच नाही. जारकडे कितीही वेळ बघितलं तरी हा दोष जारमध्ये सापडणार नाही.

याच एररचा सख्खा भाऊ वाटणारा ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ वेगळ्या वाटेने येतो. तुमच्या कोडने नाव देऊन क्लास मागितला, म्हणजे ‘क्लास.फॉरनेम’ किंवा ‘लोडक्लास’ वापरलं, आणि तो मिळाला नाही, तेव्हा हा येतो. ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ बहुतेक वेळा येतो तो जेव्हीएम स्वतःच संदर्भ सोडवत असताना. या दुसऱ्याचे आणखी दोन अवतार ओळखून ठेवा. मजकुरात ‘कुड नॉट इनिशियलाइज क्लास’ असेल तर क्लास सापडला होता, पण त्याचा स्टॅटिक भाग चालताना आधीच एकदा कोसळला आहे. अशा वेळी लॉगमध्ये वर जाऊन ‘एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर’ शोधा, खरं कारण तिथे आहे. आणि कंसात ‘राँग नेम’ असेल तर ‘डिफाइनक्लास’ला दिलेलं नाव आणि क्लास फाइलच्या आतलं नाव जुळत नाही. बहुधा फाइलच्या पत्त्यावरून नाव बनवताना एखादा फोल्डर जास्त किंवा कमी धरलेला असतो.

हे सगळं शोधणं अवघड करणारी एक गोष्ट बहुतेक हातांनी लिहिलेल्या लोडरमध्ये मी बघतो. ‘फाइंडक्लास’ या क्लास शोधणाऱ्या मेथडमध्ये जार वाचताना आयओएक्सेप्शन (फाइल वाचण्यातली अडचण) आलं की ते पकडतात आणि त्याऐवजी नुसतं ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ नावासकट फेकतात. मूळ कारण तिथेच संपलं. जार अर्धवटच कॉपी झाली होती, की वाचायची परवानगी नव्हती, की नेटवर्कवरचा फोल्डर तुटला, हे पुढे कोणालाच कळत नाही. ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’च्या कन्स्ट्रक्टरला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून मूळ एक्सेप्शन देता येतं. ते द्याच. स्वतःचा लोडर दुरुस्त करायला बसलात तर सर्वांत आधी एवढंच करा, बाकी नंतर.

आता सुरुवातीच्या ओळीकडे. पालकाला आधी विचारायची रीत काही वेळा चालत नाही. वाशीच्या जारला एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, मुख्य प्रोग्रॅमकडे नवी आहे. मग ‘लोडक्लास’ नव्याने लिहून क्रम उलटा करतात: आधी स्वतःच्या जारमध्ये बघायचं, नाही मिळालं तर पालकाकडे जायचं. यात वाईट काही नाही. टॉमकॅटसारखे सर्व्हरही वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी साधारण असंच करतात, पण जावाचे मूळ क्लास आणि सर्व्हलेट एपीआय यांना ते अपवाद ठेवतात. दोन्हीकडे वापरायच्या क्लाससाठी असा अपवाद ठेवायला विसरलं की ‘पेटी’ची पेटीशी गाठ पडत नाही.

झालेलं असतं असं: वाशीची जार बनवताना बिल्डने सगळ्या अवलंबून असलेल्या जार एकत्र कोंबल्या, त्यात मुख्य प्रोग्रॅमचा ‘आंबा.पेटी’ही आत गेला. उलट्या क्रमाच्या लोडरला तो आपल्याच जारमध्ये मिळाला आणि त्याने त्याला जन्म दिला. वाशीच्या नियमांनी त्या पेट्या ऑब्जेक्टच्या एका लिस्टमध्ये भरून परत पाठवल्या. मुख्य प्रोग्रॅमने लिस्टमधून काढून त्यांना ‘पेटी’ म्हणायचा प्रयत्न केला, आणि क्लासकास्टएक्सेप्शन.

जावा ११ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरत असाल तर हा मजकूर शेवटपर्यंत वाचा. पुष्कळ जण पहिल्या ओळीवर थांबतात. पुढे कंसात लिहिलेलं असतं की पहिली ‘पेटी’ अमुक लोडरच्या बेनाम मॉड्यूलमध्ये आहे आणि दुसरी ‘अ‍ॅप’ या लोडरच्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जेव्हीएमने आपण होऊन लिहून दिलेलं असतं. फक्त आपल्या लोडरचं नाव तिथे क्लासचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि पुढे हेक्समधला आकडा असं दिसतं, आणि बारा बाजारांचे बारा लोडर असतील तर त्या आकड्यावरून काही उमगत नाही. जावा ९ पासून क्लास लोडरच्या कन्स्ट्रक्टरला पहिला आर्ग्युमेंट म्हणून नाव देता येतं. ‘वाशी-३’ असं नाव द्या, त्यातला आकडा जार जितक्यांदा बदलली त्याचा. मग ते नाव एररच्या मजकुरात येतं आणि स्टॅक ट्रेसमध्येही (एररपर्यंत कोणी कोणाला हाक मारली त्या यादीत) क्लासच्या आधी दोन तिरक्या रेघांसह दिसतं: ‘वाशी-३//वाशी.नियम.हिशेब’. एका ओळीचा बदल आहे, आणि वाचणारा वेळ फार मोठा आहे.

पेटीच्या या घोटाळ्याला तीन तोंडं आहेत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. कास्ट केलं तर वरचा एक्सेप्शन मिळतो. पण ‘पेटी’ हा टाइप दोघांनी मिळून वापरलेल्या इंटरफेसच्या मेथडमध्येच असेल, म्हणजे ‘हिशेब’ मेथड ‘पेटी’ घेते असं असेल, तर कोड चालायच्या आधी जोडणी होतानाच ‘लिंकेजएरर: लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन’ येतो. जेव्हीएम तपासतं की मेथडच्या दोन्ही बाजूंना ‘पेटी’ या नावाचा अर्थ एकच लागतो का. लागत नसेल तर पुढे जाऊ देत नाही. हा मजकूर लांबलचक आणि भीतीदायक असतो, पण त्यात दोन्ही लोडर आणि भांडणाचा क्लास यांची नावं असतात.

तिसरं तोंड सगळ्यांत वाईट, कारण ते ओरडत नाही. कोडमध्ये ‘इन्स्टन्सऑफ पेटी असेल तर बेरजेत धरा’ असं असेल तर परकी पेटी नुसतीच वगळली जाते. एरर नाही, लॉग नाही, बिल छापून येतं आणि रक्कम कमी असते. ‘इक्वल्स’ मेथडमध्ये दोन्हींचे क्लास तपासले असतील तर तिथेही तेच: एकाच पेटीच्या दोन नोंदी वेगळ्या धरल्या जातात. हिशेब चुकतोय पण एरर येत नाही अशी तक्रार असेल आणि घरात स्वतःचा क्लास लोडर असेल, तर गणिताआधी मी हे तपासतो.

उपाय ठरलेला आहे. दोघांनी वापरायचे क्लास एका वेगळ्या पॅकेजमध्ये काढा, लोडरने त्या पॅकेजची प्रत्येक मागणी न शोधता थेट पालकाकडे पाठवावी, आणि बिल्डमध्ये ती जार फक्त कंपाइलपुरती वापरा. बिल्डसाठी मेव्हन वापरत असाल तर तिचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’, ग्रेडल असेल तर ‘कंपाइलओन्ली’. लोडरमधला नियम आणि बिल्डमधला नियम दोन्ही हवेत. एकावर भरवसा ठेवला तर पुढच्या हंगामात कोणीतरी दुसरा मोडतो.

ओळख लोडरने ठरते याचा आणखी एक परिणाम स्टॅटिक गोष्टींवर होतो. स्टॅटिक व्हेरिएबल पूर्ण जेव्हीएममध्ये एक असतं असं आपण बोलून जातो. ते क्लासमागे एक असतं, आणि क्लास लोडरमागे वेगळा. वाशीच्या जारमध्ये बिल क्रमांकाचा स्टॅटिक काउंटर ठेवला आणि नवी जार चढवली, की क्रमांक पुन्हा एकपासून. एकाच दिवसात एकाच क्रमांकाची दोन बिलं बाजारात गेली की निस्तरताना अकाउंटंटच्या नाकी नऊ येतात. सिंगलटन, कॅशे, स्टॅटिक लॉक, सगळ्यांचं हेच. टिकायला हवी ती गोष्ट पालकाकडच्या क्लासमध्ये किंवा डेटाबेसमध्ये असली पाहिजे.

आता प्रत्यक्ष तपासायची साधनं. पहिलं आणि सर्वांत सोपं: ज्या ऑब्जेक्टवर संशय आहे त्याला विचारा. ‘गेटक्लास’ आणि त्यावर ‘गेटक्लासलोडर’ छापा. क्लास कोणत्या जारमधून आला हे ‘गेटप्रोटेक्शनडोमेन’, मग ‘गेटकोडसोर्स’, मग ‘गेटलोकेशन’ अशा साखळीने मिळतं. मात्र तुमच्या लोडरने ‘डिफाइनक्लास’ला प्रोटेक्शन डोमेन दिलेलंच नसेल तर इथे नल मिळेल. जारच्या पत्त्यापासून कोडसोर्स बनवून ते देणं हे चार-पाच ओळींचं काम आहे.

दुसरं, जेव्हीएमचा स्वतःचा लॉग. जुन्या आवृत्त्यांत ‘-व्हर्बोज:क्लास’, जावा ९ पासून ‘-एक्सलॉग:क्लास+लोड’ हा पर्याय देऊन प्रोग्रॅम चालवा. तयार होणारा प्रत्येक क्लास आणि तो कुठून आला, अशी ओळ दर क्लासमागे पडते. हजारो ओळी येतील, त्यात ‘आंबा.पेटी’ शोधा. एकदाच सापडली पाहिजे. दोनदा सापडली तर दोन्ही ओळींतला ‘सोर्स’ वाचा, चोर तिथेच सापडतो. डीबग पातळी लावली तर त्यात लोडरही दिसतो.

तिसरं, चालू सर्व्हर न थांबवता. हंगामात हेच हाती असतं. जावासोबत मिळणाऱ्या ‘जेसीएमडी’ला प्रोसेसचा क्रमांक आणि ‘व्हीएम.क्लासलोडर्स’ ही आज्ञा द्या, लोडरांची पूर्ण वंशावळ पडद्यावर येते. कोण कोणाचा पालक आहे हे कागदावर काढलेल्या आकृतीत नाही, इथे बघायचं. ‘जीसी.क्लास_हिस्टोग्राम’ दिलं तर प्रत्येक क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत ते येतं. त्यात एकच नाव दोन ओळींत आलं म्हणजे दोन जन्म झाले आहेत.

डीबगरबद्दल थोडं सावध राहा. ब्रेकपॉइंट क्लासच्या नावावर बसतो, त्यामुळे दोन्ही ‘पेटी’ क्लासमध्ये थांबू शकतो, आणि आयडीई समोर दाखवतो तो मात्र तुमच्या प्रोजेक्टमधला सोर्स. चालतोय तो कोड जुन्या जारमधला असेल तर रिकाम्या ओळीवर किंवा कॉमेंटवर थांबल्यासारखं दिसतं. असं दिसलं तर डीबगर बिघडलाय असं समजू नका, चालतेय ती जार तपासा. ‘लोडक्लास’मध्येच थांबायचं असेल तर नाव ‘आंबा.पेटी’ असेल तरच थांब, अशी अट घाला. थांबल्यावर कॉल स्टॅकमध्ये खाली उतरत जा, मागतंय कोण ते तिथे दिसेल.

थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लास लोडर ही एक वेगळी वाट आहे. ‘सर्व्हिसलोडर’ आणि अनेक एक्सएमएल, जेसन, लॉगिंग लायब्रऱ्या क्लास शोधताना थ्रेडला चिकटवलेला लोडर वापरतात. नियमांचा कोड चालवण्याआधी तो बदला आणि ‘फायनली’मध्ये जुना परत लावा. एवढं करूनही पॅरलल स्ट्रीम (काम अनेक थ्रेडवर वाटण्याची सोय) वापरला की क्लास सापडेनासा होतो, आणि तेही कधी सापडतो, कधी नाही असं. कारण जावा ९ पासून त्यासाठी लागणाऱ्या फोर्कजॉइनच्या कॉमन पूलमधल्या (सामाईक साठ्यातल्या) थ्रेडना सिस्टीम क्लास लोडर असतो, तुमचा नसतो, आणि कामाचा काही भाग हाक मारणारा थ्रेड स्वतः करतो. असा अधूनमधून येणारा दोष पकडायला लॉगमध्ये थ्रेडचं नाव छापणं पुरतं.

अधूनमधूनच येणारा दुसरा एक: ‘अटेम्प्टेड ड्युप्लिकेट क्लास डेफिनिशन’. एकाच लोडरने एकच क्लास दोनदा बनवायचा प्रयत्न केला. ‘लोडक्लास’ स्वतः लिहिताना सुरुवातीला ‘फाइंडलोडेडक्लास’ला विचारणं राहिलं तर हा येतो. विचारलं, पण ‘गेटक्लासलोडिंगलॉक’वर सिंक्रोनाइज केलं नाही, तर दोन थ्रेड एकाच वेळी आत घुसल्यावर येतो.

राहिला प्रश्न जुन्या लोडरचा. तो सुटतो तेव्हाच त्याचे क्लास मेमरीतून जातात, एकेकटा क्लास जात नाही. क्लासची माहिती ठेवायची पर्मजेन ही जागा जावा ८ मध्ये जाऊन मेटास्पेस आला. तो हीपच्या (ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीच्या) बाहेर असतो आणि मर्यादा घातली नाही तर वाढत राहतो. महिनाभर जार बदलत राहिल्यावर सर्व्हरची मेमरी भरली तर कोणीतरी जुन्या लोडरला धरून आहे. नेहमीचे संशयित: नियमांच्या कोडने सुरू केलेला आणि न थांबवलेला थ्रेड, पूलमधल्या थ्रेडवर राहिलेला थ्रेडलोकल, ड्रायव्हरमॅनेजरमध्ये नोंदलेला आणि न काढलेला डेटाबेस ड्रायव्हर, पालकाकडच्या एखाद्या स्टॅटिक मॅपमध्ये राहिलेला ऑब्जेक्ट. हीप डंप (हीपची त्या क्षणीची प्रत) घेऊन एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये जुना लोडर शोधा आणि जीसी रूटपर्यंतची (मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर जिथून शोध सुरू करतो तिथपर्यंतची) वाट काढा, वीक, म्हणजे धरून न ठेवणारे, संदर्भ वगळून. ती वाट ज्या नावावर थांबते त्याला सोडवायचं.

हे हंगामात शोधण्यापेक्षा आधीच पकडता येतं. चाचणीत लोडर बनवा, नियम एकदा चालवा, लोडरवर एक वीकरेफरन्स ठेवा, बाकी सगळे संदर्भ नल करा आणि थोडं थोडं थांबत काही वेळा ‘सिस्टीम.जीसी’ मागा. वीकरेफरन्स रिकामा झाला तर लोडर सुटला. झाला नाही तर त्याच ठिकाणी हीप डंप घ्या, कारण या छोट्या चाचणीत धरून ठेवणारा सापडायला पाच मिनिटं पुरतात. ही चाचणी प्रत्येक बाजाराच्या जारसाठी वेगळी चालवा, आणि ती पास झाल्याशिवाय जार सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जाऊ देऊ नका.